सात पायऱ्यांचं पेटंट

६ ऑक्टोबर १९९८, मंगळवार

ही वही वकिलाच्या सांगण्यावरून सुरू करतोय. पिट्सबर्गचा टॅगर्ट म्हणतो, शोध लावणाऱ्यानं रोजचं काम तारीख घालून लिहून ठेवावं, म्हणजे उद्या कोणी 'हे मला आधी सुचलं होतं' म्हणत आला तर वही त्याच्या तोंडावर मारता येते. म्हणजे चव्वेचाळिसाव्या वर्षी मी शोध लावणारा झालो. सोळा वर्षं सासऱ्याच्या कंपनीत आकडे जुळवले, पण अख्ख्या एरी शहरात एकानं कधी विचारलं नाही की बाबा रे, तू नेमकं करतोस काय. आता विचारतील.

झालं असं, की या उन्हाळ्यात कोर्टानं सांगून टाकलं, यंत्रावरच कशाला, धंदा करायच्या पद्धतीवरही पेटंट मिळू शकतं. हे मासिकात वाचल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही. आज दुपारी वॉल्टरला सांगितलं. वॉल्टर डीटली, माझा सासरा, डीटली हीटिंगचा मालक. तो तळलेल्या पर्च माशाचा काटा काढत होता.

"लोकांच्या तळघरातली भट्टी बंद पडते, घर गार पडतं, ते फोन करतात, आपण माणूस पाठवतो," तो म्हणाला. "यात शोध कसला?"

"तोमासेल्ली बंधूंचा माणूस पोचायला पाच तास लागतात. आपला दोन तासांत दारात असतो. का? कारण आपल्याकडे पद्धत आहे."

"आपल्याकडे बर्नीस आहे," वॉल्टर म्हणाला आणि काटा ताटाच्या कडेला ठेवला.

म्हातारा विनोद बरा करतो. पण शेवटी 'कर काय करायचं ते' म्हणाला, म्हणजे परवानगी मिळाली.

१५ ऑक्टोबर १९९८

तीन दिवस बर्नीस नोवोसादच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. पाठ धरली. ही बाई पंचावन्नची, फोनवर असते, माझ्याही आधीपासून कंपनीत आहे आणि मला अजून नवा कारकून आल्यासारखी वागवते. तिच्यासमोर भिंतीवर प्लायवूडची फळी आहे. फळीवर दोऱ्या ताणलेल्या, एकेका वस्तीला एकेक दोरी, आणि दोऱ्यांवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. घरात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर तांबडा चिमटा. पाण्याचा नळ बाहेरच्या भिंतीतून जात असेल, म्हणजे गोठून फुटायची भीती, तर निळा. बाकीच्यांना साधा.

फोन आला की भट्टीचं ती आधी विचारतच नाही. घरात कोण आहे विचारते. नळ कुठल्या भिंतीत आहेत विचारते. शेजारी जाऊन बसता येईल का विचारते. मग त्याच गल्लीत, त्याच सालातल्या भट्ट्या असलेल्या घरांना आपणहून फोन लावते, की आमचा माणूस शेजारी येतोयच, तुमचीही बघून जाऊ दे. एका फेरीत चार घरं होतात. ज्याला थांबावं लागणार त्याला खरी वेळ सांगते, नळ थेंब थेंब चालू ठेवायला सांगते, आणि मधे एकदा फोन करून चौकशी करते.

"आधी कोणाकडे पाठवायचं हे ठरवतेस कसं?" मी विचारलं.

"आवाजावरून."

"आवाजावर पेटंट मिळत नाही, बर्नीस. पायऱ्या सांग."

"पायऱ्या कसल्या, ग्लेन? फोन वाजतो, मी उचलते."

शेवटी मीच मोजल्या. सात भरल्या. टॅगर्टच्या म्हणण्याप्रमाणे वहीच्या पानाखाली काम समजणाऱ्या माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. बर्नीस जवळच होती, तिची घेतली. कशासाठी म्हणाली, तर म्हटलं कंपनीच्या दप्तरासाठी. तेवढ्यात फोन वाजला आणि तिनं न वाचताच सही केली. यापुढे सह्याबिह्या नाहीत, नुसता खोळंबा होतो.

३ नोव्हेंबर १९९८

अर्ज भरून पाठवला. त्यातला एक प्रश्न: ही पद्धत पहिल्यांदा कधी वापरात आली? टॅगर्ट फोनवर म्हणाला, "एका वर्षाच्या आतली असेल तर ठीक. त्याहून जुनी असेल तर विसरून जा, पेटंट मिळणार नाही आणि मिळालं तरी टिकणार नाही. विचार करून लिहा."

केला विचार. या जूनमध्ये क्लीव्हलंडच्या प्रोग्रामरनं हे सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. पद्धत तेव्हा जन्माला आली. त्याच्या आधी काय होतं? दोऱ्या आणि चिमटे. ती पद्धत नव्हे, ती एका बाईची सवय. माझी आई बटाटे सोलताना गुणगुणायची, म्हणून ती गायिका होत नाही. 'जून १९९८' लिहिलं. शोध लावणाऱ्याचं नाव ग्लेन हार्टविग. प्रोग्रामरला पैसे चुकते केलेत, त्याचं नाव कशाला.

बर्नीस शेजारीच पेपरोनी भरलेले पाव खात होती. मला म्हणाली, "घे एक. कॅझनं सहा बांधून दिलेत, मला काय मेजवानी द्यायचीये?" कॅझ म्हणजे तिचा नवरा, ओतशाळेत होता, आता घरी असतो. एक घेतला. गार झाला होता.

६ मार्च २००१, मंगळवार

मिळालं. अडीच वर्षं लागली, या वहीला हात लावायचंही विसरलो होतो, पण मिळालं. लाल फीत, सोनेरी शिक्का, खाली माझं नाव. चौकटीत घालून दारासमोर लावलं. वॉल्टर बघून म्हणाला, "जत्रेत पहिल्या नंबरच्या डुकराला असलीच फीत लावतात." मग मला बाजूला घेऊन बोलला ते मात्र शब्दाशब्दाला लिहून ठेवतो: "दर जानेवारीला मला एका वाक्यात सांगायचं, या कागदानं कंपनीचं काय भलं केलं. वाक्य चांगलं आलं तर माझी खुर्ची तुझी. नाही आलं तर तुझं इथं काय काम आहे याचा मला विचार करावा लागेल."

केक मागवला होता. बर्नीस चष्मा लावून चौकटीपुढे उभी राहिली आणि मोठ्यानं वाचायला लागली. "पायरी एक, घरात कोण आहे याची विचारणा करणे." मग माझ्याकडे वळली. "ग्लेन, हे तर मी करते."

"करायचीस. आता ते कंपनीचं आहे."

"मग मी काय करू?"

"केक काप."

लोक हसले. तिनं कापला, आणि मला कोपऱ्यातला जास्त क्रीमवाला तुकडा दिला. तिच्या मनात काही नसतं, हे एक बरं आहे.

२० एप्रिल २००१, शुक्रवार

थंडी संपली, फोन कमी झाले, बर्नीसला कमी केलं. पद्धत आता लेखी आहे, कॉम्प्युटरवर आहे, कायद्यानं आपली आहे. मग तीच गोष्ट डोक्यात घेऊन बसलेल्या बाईला पगार का द्यायचा? हे मी वॉल्टरला चार आकडे मांडून दाखवलं. तो खिडकीबाहेर बघत बसला आणि 'तूच सांग तिला' म्हणाला.

सांगितलं. रडली नाही, भांडली नाही. एकच विचारलं. "विम्याचं काय, ग्लेन? कॅझच्या हृदयाची झडप बदलायचीये. डॉक्टर म्हणालेत, वर्षाच्या आत."

विमा नोकरीबरोबर असतो, महिनाअखेरीला बंद होईल, असं समजावलं. पुढे अठरा महिने स्वतः हप्ता भरून चालू ठेवता येतो, कायद्यात सोय आहे. किती म्हणाली. आकडा सांगितल्यावर पुन्हा विचारलं नाही. फळी मागत होती, घरी न्यायला. म्हटलं, फळी कंपनीची मालमत्ता आहे. चिमटे तिनं स्वतःच्या पैशांनी आणलेले निघाले, ते दिले.

११ जून २००१

तोमासेल्ली बंधूंनी बर्नीसला ठेवलं. विम्यासकट. माझी बायको लोरेन चर्चमधून ही बातमी घेऊन आली, ती आणि बर्नीस एकाच भजनमंडळात गातात. फार खुशीत होती. "आता कॅझचं ऑपरेशन होईल," म्हणाली. मीही बरं झालं म्हटलं. तोमासेल्लींना एकोणीसशे सत्तरचं मॉडेल लखलाभ.

१९ नोव्हेंबर २००१

एरी सरोवरावरून बर्फ आलं आणि चार दिवस हटलं नाही. कॉम्प्युटर घरात कोण आहे ते नीट विचारतो. 'घरात म्हातारं माणूस असल्यास एक दाबा.' सगळ्या गावानं एक दाबलं. एकोणीस वर्षांच्या मुलांनीसुद्धा दाबलं. यंत्राला काय कळणार कोण खोटं बोलतंय. लायबर्टी स्ट्रीटच्या एका आजीबाई नऊ तास कोट घालून बसल्या, नळ फुटला, तळघरात घोटाभर पाणी. त्यांनी शेवटी तोमासेल्लींना फोन केला. माणूस पावणेदोन तासांत आला, आणि वर त्यांना विचारण्यात आलं, की मांजर कुठल्या खोलीत आहे.

पावणेदोन तास. माझ्या सात पायऱ्या चढून कोणीतरी माझ्या घरात शिरलंय, असं वाटलं.

३ डिसेंबर २००१

वॉल्टर जानेवारीपर्यंत थांबला नाही. आजच वाक्य मागितलं. मी तक्ता केला होता: ज्या कंपन्यांकडे असली पेटंटं आहेत त्यांचा नफा, ज्यांच्याकडे नाहीत त्यांचा नफा. पेटंटवाल्यांचा जास्त आहे, कोणीही बघावं.

वॉल्टरनं बघितलं. "श्रीमंत लोक मोठी कुत्री पाळतात," तो म्हणाला. "कुत्रं पाळल्यानं कोणी श्रीमंत झालेलं मी पाहिलं नाही. मला आपला नफा सांग."

आपला नफा खाली गेलाय. हवामान, डिझेल, लोकांची घाई, कारणं पुष्कळ आहेत. एक कारण मात्र मी बोललो नाही तरी दोघांनाही दिसत होतं, ते रस्त्यापलीकडे तोमासेल्लींच्या खिडकीत फोनवर बसलेलं असतं. कुत्रं पाळलंय तर ते चावायला हवं. उद्या टॅगर्टला फोन.

१० जानेवारी २००२

खटला दाखल. पेटंटचा भंग. निकाल लागेपर्यंत तोमासेल्लींनी ती पद्धत वापरू नये असा मनाई हुकूम मागितलाय. टॅगर्टनं विचारलं, सुनावणी कधीची मागू, जानेवारीची की मार्चची? दोन्ही मिळण्यासारख्या आहेत.

काल रात्री जेवताना लोरेन म्हणाली होती, कॅझच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, बारा फेब्रुवारी.

मी टॅगर्टला म्हटलं, जितकी लवकर मिळेल तितकी. थंडीचे दिवस हेच धंद्याचे, मार्चमध्ये हुकूम घेऊन काय लोणचं घालायचंय? या दोन तारखांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी थोडं वाईट वाटलं. साधारण दुपारच्या जेवणापर्यंत.

२५ जानेवारी २००२, शुक्रवार

हुकूम मिळाला. तोमासेल्लींनी घराची कागदपत्रं करणारा त्यांचा जुना वकील उभा केला होता, त्याला पेटंट म्हणजे काय हे न्यायाधीशांनाच सांगावं लागलं. वीस मिनिटांत आटोपलं. बाहेर व्हिन्स तोमासेल्ली मला म्हणाला, "तिला फोनवर बसवत नाही, झालं? मालाच्या खोलीत बसू दे. महिनाभर तरी राहू दे कामावर."

मी टॅगर्टकडे बघितलं. टॅगर्ट म्हणाला, ती इमारतीत असेल तर पद्धतही इमारतीत आहे असं आम्ही धरू, आणि कोर्टाचा अवमान म्हणून अर्ज करू. व्हिन्सचा चेहरा बघण्यासारखा झाला. सोमवारी तसं पत्र गेलं की काम फत्ते.

१ फेब्रुवारी २००२

लोरेननं आज भांडण काढलं. तोमासेल्लींनी बर्नीसला काढलं, तिचा विमा काल बंद झाला. इस्पितळानं ऑपरेशन पुढे ढकललं.

"ढकललं म्हणजे रद्द केलं नाही," मी म्हटलं.

"तू त्यांना फोन करून सांग, महिनाभर हुकूम नको म्हणून. तुला सांगता येतं."

"लोरेन, हा कायदा आहे. माझ्या मनावर थोडंच आहे?"

"ग्लेन, तो माणूस जिना चढताना तीनदा बसतो."

मी म्हटलं, मग त्यानं खालीच झोपावं. चिडून बोललो, मान्य. तीही चिडूनच बोलत होती.

२२ फेब्रुवारी २००२

गिऱ्हाइकं परत यायला हवी होती. येत नाहीयेत. तोमासेल्ली पाच तास लावतात, आम्ही सहा, आणि लोक तिसऱ्याच कोणाला तरी बोलावतात. तोमासेल्लींनी नवीन वकील केलाय, बाई आहे, रूथ फेल्डकॅम्प, साठीची, पायात रबरी बूट घालून ऑफिसात येते म्हणे. टॅगर्ट म्हणाला, तिची काळजी करू नका. मग म्हणाला, तुमच्या त्या वहीत काय काय आहे? मी म्हटलं, फक्त कामाचं.

१३ मार्च २००२

लोरेन सकाळीच काळा ड्रेस घालून बाहेर पडली. काल रात्रभर हॅम आणि बटाट्याचं काहीतरी मोठ्या भांड्यात भाजत होती, मला नुसता वास. दुपारी परत आली ती रिकामं भांडं घेऊन, आणि धुवायलाही थांबली नाही, वर जाऊन झोपली. भजनमंडळाचं काही असेल. महिनाभर धड बोलत नाही, तर आपण कशाला तोंड उघडा.

जबानीची तयारी. मंगळवारी बर्नीसला शपथेवर बोलावलंय.

१९ मार्च २००२, मंगळवार

आज मी जिंकलो. असं लिहायला किती दिवस थांबलो होतो.

जबानी फेल्डकॅम्पच्या ऑफिसात झाली. लांब टेबल, टंकलेखक बाई, पाण्याचा जग. बर्नीस पूर्ण काळ्या कपड्यांत आली. बारीक झालीय. सहानुभूती मिळवायची युक्ती वकिलीणबाईंनी शिकवली असणार. मी मान हलवून नमस्कार केला, तिनं नुसतं बघितलं.

टॅगर्टनं पेटंट पुढे ठेवलं आणि एकेक पायरी घेतली.

"घरात कोण आहे, असं तुम्ही तोमासेल्लींकडे विचारत होतात?"

"हो."

"नळ कुठल्या भिंतीत आहेत?"

"हो."

"त्याच गल्लीतल्या इतर घरांना आपणहून फोन?"

"हो. नाहीतर फेरी फुकट जाते."

असं सात वेळा. सातही वेळा हो. शेवटी टॅगर्टनं खिळा ठोकला. "म्हणजे डीटलीकडे जे करत होतात, अगदी तेच तोमासेल्लींकडे केलंत. काही फरक?"

"काही नाही," बर्नीस म्हणाली. "तस्संच."

टॅगर्टनं फाइल मिटली. फेल्डकॅम्प इतका वेळ काही लिहीतही नव्हती. तिनं फक्त चष्मा वर केला.

"मिसेस नोवोसाद, एकच विचारते. डीटलीकडे हे कधीपासून करत होतात?"

"चिमट्यांनी? एकोणऐंशीच्या नोव्हेंबरपासून. त्या साली परेड स्ट्रीटवर एक बाळ गारठलं होतं. फोन आला तेव्हा मी विचारलंच नव्हतं, घरात कोण आहे म्हणून. तेव्हापासून विचारते."

"काही बदल केलात मधे?"

"एकदा निळा रंग संपला होता, तेव्हा हिरवे चिमटे लावले."

आटोपलं. बिचारी फेल्डकॅम्प, तीन मिनिटंही बोलली नाही. टॅगर्ट गाडीत काही बोलला नाही, दमला असेल. मी वाटेत गरम बीफ सँडविच घेतलं, त्याला नको होतं.

२० मार्च २००२

टॅगर्टनं सकाळी नऊला फोन केला. शब्द आठवतात तसे लिहितो.

"चिमट्यांचं मला का सांगितलं नाहीत?"

"चिमट्यांना पद्धत कोण म्हणतं?"

"काल आपणच म्हणालो. मी तिच्याकडून सात वेळा वदवून घेतलं, की तोमासेल्लींकडे ती जे करते तीच तुमची पद्धत. आणि ती म्हणते, डीटलीकडेही तेच करत होते, एकोणऐंशीपासून. म्हणजे तुम्ही अर्ज केलात तेव्हा पद्धत एकोणीस वर्षांची झाली होती. चालली असती फार तर एका वर्षाची."

"मग म्हणा, की आधीचं वेगळं होतं."

"आधीचं वेगळं होतं तर आत्ताचंही वेगळं आहे. मग खटला कशावर? ते एकच आहे म्हटलं तर पेटंट मरतं, दोन आहेत म्हटलं तर खटला मरतो. फेल्डकॅम्पनं काही केलं नाही. आपलं आपण केलं." मग विचारलं, "त्या बाईला विचारून तारीख का लिहिली नाहीत?"

मी म्हटलं, ती फोनवर होती.

१८ एप्रिल २००२, गुरुवार

न्यायाधीशांनी दीड पानात पेटंट रद्द केलं, हुकूम उठवला, खटल्याचा खर्च आमच्यावर. चौकट भिंतीवरून काढली तर मागचा रंग वेगळाच निघाला.

वॉल्टरनं बोलावलं. मला वाटलं ओरडेल. तो पेन्सिलीला टोक करत बसला होता. "वाक्य," तो म्हणाला.

"पेटंटमुळे कंपनीचा फायदा झाला नाही," मी म्हटलं. "मात्र त्याला जबाबदार व्यक्ती आता कंपनीत नाही."

"अजून आहे," वॉल्टर म्हणाला. "सोमवारपर्यंत. तोवर बर्नीसला परत आण. जे मागेल ते दे. ती आली तर तूही राहा. नाही आली तर तुझं टेबल रिकामं कर, लोरेनला मी सांगेन."

वीस वर्षं राबलेल्या जावयाला हे असं. पण ठीक आहे. बर्नीसला काय हवंय हे मला पक्कं माहीत आहे. जाताना तिनं एकच गोष्ट विचारली होती.

२० एप्रिल २००२, शनिवार

सकाळी दहाला तिच्या घरी गेलो. पूर्वेकडच्या पोलिश वस्तीतलं अरुंद घर, पायऱ्यांवर बर्फासाठी टाकलेलं मीठ अजून तसंच. कागद टंकून नेला होता, वॉल्टरच्या सहीचा. दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. मी तिथंच वाचून दाखवलं.

"पगार दुप्पट. स्वतःची खोली. उन्हाळ्यात कमी करणार नाही, हे लेखी. विमा पहिल्या दिवसापासून, जुन्या दुखण्यांसकट, नवऱ्यासकट."

"शेवटचं परत वाच," ती म्हणाली.

पटतंय, असं मला वाटलं. जरा जोर देऊन वाचलं. "नवऱ्यासकट. थांबायची अट नाही. कॅझचं ऑपरेशन याच महिन्यात करून घेता येईल, बर्नीस. मी स्वतः इस्पितळात फोन करतो."

"कॅझ नऊ मार्चला गेला, ग्लेन. जिन्यात."

मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही.

"तू कोणाला विचारलंस?" आवाज चढवला नाही तिनं, फोनवर बोलते तसाच होता. "चिमट्यांचंही नाही विचारलंस. तो अर्ज लिहीत होतास तेव्हा मी शेजारी बसून जेवत होते. कधीपासून करतेस बर्नीस, एवढं म्हणाला असतास तर मी सांगून टाकलं असतं. लपवायचं काय होतं त्यात? मग तुझं पेटंट झालं नसतं, खटला झाला नसता, आणि तो आत बसून बेसबॉल बघत असता."

पगार तिप्पट करून बघतो, असं म्हटलं. तिनं दार लावून घेतलं.

गाडीत बसून वॉल्टरसाठी वाक्य लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी हे ठेवलंय: 'बर्नीस नोवोसाद यांनी घरगुती कारणास्तव येण्यास नकार दिला.' यात खोटं काही नाही.